टूरिस्ट म्हणून ये

हिवाळ्यातल्या एका रविवारी तृप्ती भंडाऱ्याहून शहापूरला माहेरी आली आणि दारात चपला काढता काढताच म्हणाली, "आई, आता अश्विनकडे जायले व्हिसा लागत नाही."

रत्नमाला अंगणात तांदूळ निवडत बसली होती. सूप तसंच मांडीवर राहिलं. "कोन म्हणते?"

"तिथलं सरकार म्हणते. मलेशियानं आपल्या लोकायसाठी व्हिसाची अटच काढून टाकली. तीस दिवस टूरिस्ट म्हणून राहू शकतो आपण. पासपोर्ट पायजे, वापस यायचं तिकीट पायजे, कुठं राहणार ते सांगाले लागते अन् खर्चापुरते पैसे आहेत हे दाखवाले लागते. बस."

तृप्ती बँकेत नोकरीला होती. पुरतं वाचल्याशिवाय ती तोंड उघडत नाही, हे रत्नमालाला ठाऊक होतं. तरी तिनं मुलीकडून सगळं पुन्हा एकदा वदवून घेतलं. मग सूप बाजूला ठेवून आत गेली आणि खाटेवर पेपर वाचत पडलेल्या नवऱ्याला म्हणाली, "ऐकलं का तुमी?"

घनश्यामनं ऐकलं होतं. पेपर खाली न करताच तो म्हणाला, "ऐकलं."

अश्विन त्यांचा थोरला. आयटीआयमध्ये फ्रीज-एसीचं काम शिकून तो क्वालालंपूरला गेला, त्याला आता बरीच वर्षं झाली होती. तिथं मूळच्या वर्ध्याकडच्या एका माणसाची एसी बसवण्या-दुरुस्तीची कंपनी होती. अश्विन त्या मालकाच्या घराच्या वरच्या खोलीत राहायचा. मालकाची बायको, वहिनी, त्याला धाकट्या दिरासारखं वागवायची. फोनवर वहिनीचं कौतुक फार. वहिनीनं पुरणाची पोळी केली, वहिनीनं तापात काढा दिला. रत्नमालाला त्याचा आधार वाटायचा आणि थोडा मत्सरही. सुटी काढून अश्विन गावी यायचा, तृप्तीच्या लग्नालाही आला होता. पण "आमी येतो तुया घरी," असं म्हटलं की त्याचं ठरलेलं उत्तर असायचं: "आई, तुमच्या वयाच्या लोकायले व्हिसा लवकर देत नाही. लय भानगडी आहेत."

भानगडी आहेत तर आहेत. दोघांनी कधी जास्त विचारलं नाही.

त्या रविवारी दुपारीच रत्नमालानं फोन लावला. "अश्विन, तुयाकडं यायले व्हिसा लागत नाही आता! तृप्तीनं सारं वाचलं."

पलीकडून तो म्हणाला, "हो का? पाहतो मी."

त्या 'पाहतो'चा काहीतरी अर्थ होता, पण आनंदाच्या भरात तो तिच्या कानांवरून निघून गेला. रत्नमाला तशी खमकी बाई. सरकारी दवाखान्याच्या उपकेंद्रांमधून जन्मभर नर्स म्हणून फिरलेली. शहापुरात अजून लोक तिला सिस्टरच म्हणायचे. तिनं पासपोर्टचं मनावर घेतलं. नागपूरला जाऊन आली, पोलीस घरी येऊन चौकशी करून गेले, त्यांना चहा पाजला. महिनाभरात पासपोर्ट घरी आला. फोटोत ती रागावल्यासारखी दिसत होती. घनश्यामला तिनं तुम्हीही करा म्हणून सांगून पाहिलं. तो गुडघ्याचं निमित्त काढून बसला.

इकडे अश्विनचं एकेक सुरू झालं. आता इथं फार पाऊस आहे. आता कामाचा सीझन आहे. मग म्हणाला, व्हिसा लागत नसला तरी विमानतळावर अडवतात, कित्येकांना तिथूनच परत पाठवतात. तृप्तीनं भावाला तिथल्या तिथं धरलं. "दादा, परत पाठवते ते टूरिस्ट सांगून कामाले येणाऱ्यायले. आई तं खरंच पाहाले येऊन राहिली. तिले कोन अडवन?"

काम आलं असं सांगून त्यानं फोन ठेवला.

त्या दिवशी जेवताना घनश्याम म्हणाला, "तृप्तीची आई, एक सांगू? त्याले नको आहे आपण यावं."

"काहीतरीच तुमचं."

"व्हिसा होता तोवर त्याले बोलाची गरज नोती. आता तो काय सांगन? तूच सांग."

रत्नमालानं ताट बाजूला सारलं. काय असेल? बायको केली असेल? दारू? खोटी नोकरी? ती रात्र तिनं या कुशीवरून त्या कुशीवर काढली आणि दुसऱ्या दिवशी घनश्याम किराणा आणायला दुकानाकडे गेल्यावर गच्चीवर जाऊन मुलाला फोन लावला.

"अश्विन, मी नर्स होती. लोकायनं मले काय काय सांगतलं आहे, तुले माहीत नाही. जे असन ते बोल. मी ओरडणार नाही."

तो बराच वेळ इकडचं तिकडचं बोलत राहिला. मग एकदम म्हणाला, "आई, तू ये. पण टूरिस्ट म्हणून ये. मी चांगलं हॉटेल पाहून देतो. शहर फिरू आपण. घरी… घरी नको."

"काहून?"

"मी इथं पहिल्या दिवशी आलो ना, तवा शेटनं आडनाव पाह्यलं. म्हणाले, बोरकर म्हणजे आपलेच ना? मी काई म्हटलं नाही, आई. मी हो नाही म्हटलं. पण नाहीबी नाही म्हटलं. त्यायनं समजून घेतलं. मग वहिनीनं देवघरात आरतीले बोलावलं, गेलो. त्यायच्या पोराच्या मुंजीत मी घरच्यासारखा राबलो. आता इतक्या वर्षानं कसं सांगू? तू येशीन, तोंडातून जय भीम निघन तुया. बाबासायबाचा विषय निघन. तुले राहवणार नाही."

रत्नमाला गच्चीच्या कठड्याला टेकली. खाली हायवेवरून ट्रक जात होते. ओरडणार नाही असं तिनं कबूल केलं होतं, म्हणून ती ओरडली नाही. "ठेवते," एवढंच म्हणाली.

बोरकर हे आडनाव त्या भागात चार समाजांत सापडतं. नावावरून कोणी ओळखत नाही. म्हणून ओळखू पाहणारे पुढचा प्रश्न विचारतात, आणि रत्नमालानं तो प्रश्न तरुणपणीच ऐकला होता. तुमसरकडच्या एका गावी पहिलं पोस्टिंग झालं तेव्हा तिनं भाड्यानं खोली पाहिली. घरमालकीण गोड बाई होती. खोली दाखवली, विहीर दाखवली, चहा ठेवला आणि चहा उकळत असताना विचारलं, "सिस्टर, तुमी कोन?" रत्नमालानं सांगितलं. चहा मिळाला, पण खोली पुतण्याला लागणार असल्याचं त्या बाईला अचानक आठवलं. रत्नमाला उपकेंद्राच्या मागच्या कोंदट खोलीत राहिली. तेव्हापासून तिनं एक सवय लावून घेतली. कुठंही गेली की कोणी विचारायच्या आत स्वतःच सांगायची. सांगून टाकलं की ज्याला तोंड फिरवायचं त्यानं फिरवावं, आपला वेळ जात नाही, असं ती म्हणायची. पण खरं तर चहा उकळेपर्यंतचा तो वेळ तिला पुन्हा सोसायचा नव्हता.

आणि तिच्याच पोटच्या पोरानं तो वेळ इतकी वर्षं लांबवला होता.

तिला वाटलं होतं, घनश्याम हे ऐकून पेटेल. दर चौदा एप्रिलला मिरवणुकीत पुढे असणारा माणूस. पण तो ऐकून घेऊन नुसता मान हलवत राहिला.

"तुमाले काहीच वाटत नाही?"

"वाटते ना. पण तुयावानी नाही वाटत."

"म्हणजे?"

"तू आपल्या जिल्ह्यात होती, रत्नमाला. मागं मी होतो, समाज होता, युनियन होती. कोणी वाकडं वागलं तं चार माणसं उभी राहिली असती. तो तिथं एकटा गेला. राहाची जागा त्यायची, पगार त्यायचा, परमिटवर सही त्यायची. एका प्रश्नावर सारं लटकलं होतं. तो गप राहिला. मी असतो तं काय केलं असतं, मले माहीत नाही. जगू दे त्याले."

"आपल्या मायबापाले लपवून?"

"लपवून. मले लपवलं तं मी लपतो. माया पोराचं घर चालत असन तं मी लपतो."

गुडघ्याचं निमित्त तो का काढून बसला होता, हे रत्नमालाला तेव्हा कळलं. त्याला पोराच्या मनातलं आधीच उमगलं होतं. किती आणि केव्हा, ते तिनं विचारलं नाही.

पुढचे काही दिवस तिनं फोन उचलला नाही. अश्विनचे मेसेज यायचे: आई जेवलीस का, आई रागावू नको. एके दिवशी कारध्याला नात्यातल्या एका बारशाला ती गेली होती. परतताना वैनगंगेच्या पुलावर वाहनं अडकली. ऑटोत बसून ती खालचं पाणी पाहत राहिली. मनात दोन्ही बाजू मांडत होती. जावं तर खोटेपणात सामील व्हायचं. न जावं तर कोणाला शिक्षा? पोराला आणि स्वतःला. त्या वर्ध्याच्या माणसाला काही कळणारही नाही. आणि घनश्यामचं म्हणणं खोटं नव्हतं. ती जन्मभर स्वतःहून सांगत आली ते धाडस होतं, पण तिच्या पाठीशी माणसं होती, हेही खरंच होतं.

ऑटो हलली तेव्हा तिचं ठरलं होतं. घरी येऊन तिनं फोन लावला.

"मी येते. हॉटेलात राहीन. त्या घरी मी येणार नाही. तुया तोंडचं खरं मी माया तोंडानं सांगणार नाही, ते तुयं आहे. पण कोणी मले विचारलं तं खोटं बोलणार नाही. चालते का?"

"चालते," अश्विन म्हणाला. जरा थांबून पुन्हा म्हणाला, "चालते, आई."

तृप्तीनं तिकिटं काढली, हॉटेलचं बुकिंग, परतीचं तिकीट, निघण्याआधी मोबाइलवर भरायची माहिती, सगळं नीट करून एका पाकिटात घातलं. नागपूरच्या विमानतळावर तिला सोडताना घनश्यामनं बायकोची बॅग स्वतः ओढली, गुडघा विसरून.

क्वालालंपूरच्या विमानतळावर लांब रांग होती. काचेमागे हिजाब घातलेली तरुण मुलगी बसली होती. तिनं पासपोर्ट पाहिला, रत्नमालाकडे पाहिलं, इंग्रजीत विचारलं: कशासाठी आलात? किती दिवस? कुठं राहणार? परत केव्हा? रत्नमालानं दवाखान्यात शिकलेल्या इंग्रजीत उत्तरं दिली. मुलगा इथं आहे, त्याला पाहायला, शहर पाहायला, आठ दिवस, हॉटेलात. मुलगा इथं असताना हॉटेलात कशाला, हे विचारायचं त्या मुलीला सुचलं असेल तर ती बोलली नाही. बोटांचे ठसे घेतले, शिक्का मारला आणि हसून म्हणाली, "एन्जॉय."

पुढे चालताना रत्नमालाला नवल वाटलं ते एवढ्याचंच की प्रश्न संपले. आणखी एक यायचा राहिला आहे असं वाटून तिनं उगीचच एकदा मागे वळून पाहिलं.

बाहेर अश्विन उभा होता. बारीक झाला होता. त्यानं वाकून पायाला हात लावला आणि तसाच बराच वेळ वाकलेला राहिला.

दिवस बरे गेले. काम आटोपून तो संध्याकाळी यायचा, तिला उंच मनोरे दाखवायचा, नारळाच्या दुधातला भात खाऊ घालायचा. ती सगळं बघायची आणि मधेच विचारायची, "तुई खोली कोणत्या बाजूले?" तो हातानं दिशा दाखवायचा. ती त्या दिशेला पाहायची. एवढंच.

रविवारी त्याला सुटी होती. टॅक्सीतून जाताना एका गल्लीत तिला बुद्धविहार दिसलं आणि तिनं गाडी थांबवायला लावली. आत चिनी म्हाताऱ्या होत्या, सिंहली कुटुंबं होती, गोरा एक जण मांडी घालून बसला होता. वंदना सुरू झाली आणि रत्नमालानं ती ओळखली. चाल वेगळी, उच्चार वेगळे, पण शब्द तेच, शहापूरच्या विहारात दर पौर्णिमेला म्हणायचे ते. ती मोठ्यानं म्हणू लागली. शेजारच्या चिनी बाईनं सरकून तिला सतरंजीवर जागा दिली. थोड्या वेळानं तिला बाजूनं दुसरा आवाज ऐकू आला. अश्विन म्हणत होता. आधी पुटपुटत, मग स्पष्ट. एक ओळ चुकला, थांबला, पुढची पकडली.

बाहेर येऊन दोघं पायरीवर बसले. तो म्हणाला, "मले वाटलं, विसरलो असन."

तिनं त्याची चुकलेली ओळ त्याला पुन्हा म्हणून दाखवली.

त्याच दिवशी संध्याकाळी हॉटेलच्या खालच्या हॉलमध्ये दोघं बसले असताना काचेचं दार उघडून एक ठसठशीत बाई आत आली. हातात स्टीलचा डबा. अश्विन ताडकन उठला. "वहिनी, तुमी?"

"मी नाही तं कोन? आई येऊन चार दिवस झाले अन् तू आमाले सांगत नाही! ऑफिसात पोरं बोलले म्हणून कळलं." वहिनीनं वाकून रत्नमालाला नमस्कार केला, डबा टेबलावर ठेवला, शेजारी बसली. "हॉटेलात काहून राह्यल्या जी तुमी? आमचं घर काय लहान आहे? मी भांडणार होती याच्याशी." ती खरोखरच मायेची बाई होती. तिच्या बोलण्यात आपल्या भागाचा लहेजा होता, आणि इतक्या लांब तो ऐकून रत्नमालाला क्षणभर तिला कवटाळावंसं वाटलं.

गावाच्या गोष्टी निघाल्या. भंडारा, नागपूर, कोणाचं माहेर कुठं. वहिनीच्या मामेबहिणी साकोलीला दिल्या होत्या. "मग तुमचं नातं निघन आमच्यात," ती उत्साहानं म्हणाली. "तुमचं माहेरचं आडनाव काय? कोणाकडच्या तुमी?"

रत्नमालाला खोटं बोलायचं नव्हतं आणि पोराचं खरं त्याच्या आधी बोलायचं नव्हतं. तिनं अश्विनकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर ते सांगितल्यासारखंच झालं असतं. ती टेबलावरच्या डब्याकडे पाहत गप्प राहिली. वहिनी वाट पाहत होती.

"वहिनी," अश्विन म्हणाला. अजून उभाच होता तो. "आमी बौद्ध आहो. शेटनं पहिल्या दिवशी विचारलं तवा मी गप राहिलो. तवा सांगाले पायजे होतं."

वहिनीचा चेहरा पडला नाही की कठोर झाला नाही. तो फक्त थांबला. मग ती म्हणाली, "अस्सं." पुन्हा थोड्या वेळानं: "मग त्यात काय झालं? आजकाल कोन पाहते." आणि तिनं विषय बदलून हवेबद्दल विचारलं. आणखी जरा वेळ बसली. निघताना तिनं रत्नमालाला पुन्हा नमस्कार केला, पण यावेळी उभ्याउभ्याच, हात जोडून.

तिचा डबा उघडून मायलेकांनी जेवण केलं. चव चांगली होती. अश्विननं दोनच घास खाल्ले.

"तू कायले नाही बोलली, आई?"

"तुले बोलाचं होतं म्हणून."

"मी नसतो बोललो तं?"

"तं मग मी बोलली असती. पण थांबली मी. जेवढं थांबता आलं तेवढं थांबली."

दुसऱ्या दिवशी अश्विननं डबा घासूनपुसून परत नेला. वहिनी दारातच भेटली. म्हणाली, "असू दे रे, तुयाकडंच ठेव. आमच्याकडं लय डबे आहेत." हे त्यानं आईला फोनवर सांगितलं, ती शहापूरला परतल्यानंतर, हसत सांगायचा प्रयत्न करत. रत्नमाला हसली नाही.

पुढे जे व्हायचं ते हळूहळू झालं, कोणी वाईट शब्द न बोलता. शेटनं नोकरीला हात लावला नाही. अश्विनसारखा कारागीर गमावणं त्याला परवडत नव्हतं, आणि माणूसही तसा वाईट नसावा. पण सणाची बोलावणी थांबली. वरची खोली दुरुस्तीला काढायची आहे असं एक दिवस कळलं. अश्विननं दुसरीकडे जागा घेतली, कंपनीतल्या एका तामिळ मुलाबरोबर. सामान हलवलं त्या दिवशी तो फोनवर लहान मुलासारखा रडला. "माया हातानं मी घर घालवलं, आई." रत्नमालानं त्याला रडू दिलं. तू बरोबर केलंस असं तिला म्हणता आलं असतं, पण त्याक्षणी ते म्हणणं तिला स्वस्त वाटलं. त्याचं खरोखरच घर गेलं होतं. घनश्याम शेजारी बसून ऐकत होता. त्यानं बायकोकडे पाहिलं. त्या नजरेत 'मी म्हटलं होतं' असं नव्हतं, पण अभिनंदनही नव्हतं.

बरेच दिवस रत्नमाला स्वतःला विचारत राहिली, व्हिसाची अट तशीच राहिली असती तर बरं झालं असतं का? पोराची वहिनी राहिली असती, आरती राहिली असती, तापातला काढा राहिला असता. तिला नक्की उत्तर सापडलं नाही. कधी वाटायचं हो, कधी वाटायचं नाही.

पावसाळा सरता सरता एका सकाळी त्याचा व्हिडिओ कॉल आला. नव्या खोलीतली शेगडी दिसत होती, कढईत काहीतरी करपत होतं आणि तामिळ मुलगा मागून हसत होता.

"आई, लाखोळीच्या डाळीचे वडे मिळत नाही इथं. चण्याच्या डाळीचे करून राहिलो. फुटून राहिले सारे."

"डाळ लय बारीक वाटली असशीन. भरड ठेवाची असते. अन् तेल तापू दे आधी."

"त्याले म्हणा, पाणी नको घालू," घनश्याम मागून ओरडला. त्यानं जन्मात वडे तळले नव्हते.

"बाबा, तुमीच या ना दाखवाले," अश्विन म्हणाला. "खोली लहान आहे. पण तुमच्यासाठी गादी घेतो. कोणी आलं विचारत तं मी सांगीन, माये बाबा आहेत, भंडाऱ्याचे, म्हणून."

कॉल संपल्यावर बराच वेळ घनश्याम अंगणात येरझारा घालत राहिला. मग आत येऊन रत्नमालाला म्हणाला, "पासपोर्टच्या फोटोले दाढी चालते का?"